बावन्न हजार नऊशे

सकाळी सव्वासातला एमसीबी पडतो तेव्हा "किती अँपिअर झाले?" असं घरात कोणी विचारत नाही. "आत्ता कोणी काय लावलं?" हा प्रश्न बाथरूममधून, स्वयंपाकघरातून आणि देवघरातून एकदमच येतो. देवघरातला आवाज जरा वरच्या पट्टीतला असतो, कारण पोथी ऐन रंगात आलेली असते. मग शोधाशोध सुरू होते. नातीने नुकताच टेबलफॅन लावलेला असतो. झालं! पंखा दोषी ठरतो, नातीला "सकाळी सकाळी कसला गं पंखा?" ऐकून घ्यावं लागतं, आणि एमसीबी वर केल्याबरोबर गीझर, इंडक्शनची शेगडी आणि इस्त्री मुकाट्याने पुन्हा आपापल्या कामाला लागतात.

ही तिघं मिळून बावीस अँपिअरच्या घरात ओढत होती. एमसीबीवर १६ लिहिलेलं आहे. पंख्याचा वाटा पाव अँपिअरसुद्धा नाही. पण एमसीबी असा, की मर्यादा थोडी ओलांडली म्हणून लगेच पडत नाही. आतली धातूची पट्टी तापून वाकायला वेळ लागतो. बराच वेळ तो सगळं गिळून घेतो आणि पडतो तेव्हा ज्याचा हात शेवटी बटणाला लागला त्याच्या नावावर पडतो. एकत्र कुटुंबात दिवस काढलेल्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

वास्तविक हे सगळं एका गुणाकाराचं आणि एका भागाकाराचं काम आहे. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, म्हणजे रोध. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॉट, म्हणजे शक्ती. शाळेत हे सगळ्यांनी केलेलं असतं, आणि मार्क पदरात पडले की तो धडा जन्मभरासाठी मिटलेला असतो. पुढे हाच माणूस सोन्याच्या घडणावळीचा हिशेब पैशापैशाने करतो, पेट्रोलचं अॅव्हरेज तोंडपाठ ठेवतो, पण विजेचा विषय निघाला की एकदम श्रद्धेवर येतो. "फ्रिज करंट फार खातो हो," तो सांगतो, आणि समोरचा "खातोच" म्हणतो. किती खातो हे दोघांनाही ठाऊक नसतं आणि त्यावाचून कोणाचं अडतही नाही.

शाळेत मास्तर या धड्याला पाण्याची टाकी आणतात. टाकी जितकी उंचावर तितकं व्होल्टेज जास्त, पाइपातून वाहणारं पाणी म्हणजे करंट, आणि मधला बारीक, गंजका पाइप म्हणजे रोध. आपल्याकडे मुलांना ही उपमा पटवावी लागत नाही, कारण टँकरची वाट बघत मोठी झालेली मुलं पाण्याचा दाब जन्मतःच जाणतात. फक्त त्यांचा निष्कर्ष थोडा निराळा निघतो. करंट कमी येतोय तो खालच्या मजल्यावरच्यांनी लाइनला पंप लावल्यामुळे! विजेच्या बाबतीतही हा निष्कर्ष अगदीच टाकाऊ नाही, पण त्याकडे पुढे येतो.

आधी घरगुती वापराची एक संख्या सांगून ठेवतो. बावन्न हजार नऊशे. आपल्या घरात येते ती वीज २३० व्होल्टची, आणि २३० चा वर्ग होतो ५२,९००. याला उपकरणाच्या वॉटने भागा, की रोध हातात येतो. २,००० वॉटचा गीझर, म्हणजे २६ ओहम आणि वर थोडा. १,००० वॉटची इस्त्री, ५३ ओहम. बादलीत सोडायचा १,५०० वॉटचा रॉड, ३५. जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब, ५२९. इथे बरेच जण थबकतात. एवढ्या दांडग्या गीझरचा रोध सव्वीस, आणि त्या बिचाऱ्या बल्बचा वीसपट? हो. व्होल्टेज दोघांना सारखंच मिळतं. जो कमी अडवतो त्याच्यातून जास्त धारा जाते, आणि तोच जास्त तापतो.

गीझरचे वॉट मात्र वाचायला मिळाले पाहिजेत. ते लिहिलेले असतात गीझरच्या पोटाखाली, एका चंदेरी स्टिकरवर, आणि तेही भिंतीकडच्या अंगाला. स्टुलावर चढून मान उलटी केली तर दिसतात. फ्लॅट घेताना ज्यांनी कार्पेट एरिया टेप लावून इंचाइंचाने मोजला, त्यांनीही तो स्टिकर कधी पाहिलेला नसतो. मिक्सरचे वॉट तळाला असतात, म्हणून भांड्यात चटणी असताना ते बघू नयेत.

आमच्या मजल्यावरच्या काकांनी हे सगळे स्टिकर वाचले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर क्युसेकमध्ये विचार केल्यामुळे टाकीची उपमा त्यांना इतकी भिडली की त्यांनी थेट मल्टिमीटर विकत आणला. निवृत्त माणसाच्या हातात मल्टिमीटर पडणं ही घरच्यांच्या दृष्टीने गंभीर गोष्ट असते. त्यांनी मेन बंद करून गीझरची पिन काढली, तिच्या दोन दांड्यांना मीटरच्या सुया लावल्या, आणि पडद्यावर सव्वीस आलं. काकांना झालेला आनंद आम्ही जिन्यातून ऐकला. दुपारी इस्त्रीचे त्रेपन्न आले. संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून एक जुना शंभराचा बल्ब काढला आणि तिथे घोटाळा झाला. ५२९ यायला हवे होते, आले फक्त चाळीस.

काकांनी कागद घेतला. २३० भागिले ४०, पावणेसहा अँपिअर. गुणिले २३०, तेराशे वॉटच्या वर! म्हणजे शंभराचा सांगून तेराशेचा बल्ब गळ्यात मारला, आणि आपण तो इतकी वर्षं परीक्षेच्या दिवसांत रात्रभर जाळला. ग्राहक मंचात जायची भाषा सुरू झाली. बिल सापडत नव्हतं म्हणून प्रकरण घरातच राहिलं.

बल्बची यात काही चूक नव्हती. त्यातली टंगस्टनची तार थंड असताना बऱ्यापैकी वाट देते. पेटल्यावर ती अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, आणि तापल्यावर तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. गीझरच्या आणि इस्त्रीच्या कॉइलचा मिश्रधातू तसा नाही. तो थंड असो की लालबुंद, त्याच्या रोधात फार फरक पडत नाही, म्हणून तिथे काकांचा पडताळा जुळला. आणि जुने बल्ब बहुतेक वेळा बटण दाबल्याबरोबर फट् करून का जायचे, तेही यातच आलं. थंड तारेतून त्या पहिल्या क्षणी दहापट धारा घुसायची, आणि तार कुठे झिजून पातळ झालेली असली की तिथेच तुटायची. घरात मात्र "तू बटण आपटतोस म्हणून बल्ब जातो" हे कारण पिढ्यान्‌पिढ्या दिलं गेलं. त्यात कोणी टंगस्टनचं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोजायला घरात काही उरलं नव्हतं. तेव्हा काकांनी मीटरच्या सुया स्वतःच्या दोन हातांच्या चिमटीत धरल्या. पडद्यावर पाच लाखांचा आकडा हलू लागला. "माझा रोध पाच लाख ओहम!" त्यांनी आत आवाज दिला. काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एवढाच? मला वाटलं, जास्त असेल."

इथे थट्टा बाजूला ठेवून एक भागाकार करू. तो पाच लाखांचा आकडा कोरड्या कातडीचा, आणि तोही मीटरमधल्या नऊ व्होल्टच्या बॅटरीपुढचा. हात ओला झाला, व्होल्टेज २३० झालं, की कातडी तसा टिकाव धरत नाही. शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले हजार, म्हणजे २३० मिलिअँपिअर. घरात बसवतात ती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर बाहेर निसटले तरी पडते, ती उगाच नव्हे. ती सारखी पडते म्हणून बायपास करून द्या, असं वायरमनला सांगणाऱ्या लोकांनी हा भागाकार एकदा पाटीवर मांडावा.

स्वतःच्या अंगावर वीज मोजायचा हा प्रकार काकांच्या आधीही झालेला आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश नावाचा गडगंज श्रीमंत आणि कमालीचा बुजरा शास्त्रज्ञ होता. इतका बुजरा, की घरातल्या मोलकरणींशी बोलावं लागू नये म्हणून जेवणाचं काय ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचा. धारा मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं, म्हणून हा स्वतः विजेचे झटके घ्यायचा आणि कुठला जोरात बसला, कुठला हलका, यावरून कुठल्या द्रावणाने वीज किती अडवली ते ठरवायचा. या पद्धतीने तो ओहमच्या नियमाच्या उंबऱ्यापर्यंत पोचला होता. पण सांगायचं कोणाला? चिठ्ठी लिहून ठेवली आणि गेला. त्याची टिपणं मॅक्सवेलने १८७९ साली छापली. तोवर ओहमलाही जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

गेओर्ग ओहमची गोष्ट तर आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षकाला दोन वाक्यांत कळेल. जन्म १७८९, बव्हेरियातलं एर्लांगन गाव, वडील कुलपं बनवणारे कारागीर. स्वतःच्या बळावर गणित शिकून त्यांनी मुलांनाही शिकवलं. ओहम कोलोनच्या एका शाळेत मास्तर झाला आणि तारांचे तुकडे घेऊन प्रयोगाला बसला. सुरुवातीला त्याने व्होल्टाच्या पद्धतीची बॅटरी वापरली. ती चालू केली की तिचं व्होल्टेज घसरायचं, त्यामुळे १८२५ साली त्याने जो नियम छापला तो चुकीचा निघाला. मग पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने त्याला सुचवलं, बॅटरी सोड, दोन धातूंचे सांधे घे, एक उकळत्या पाण्यात ठेव, दुसरा बर्फात. त्यातून मिळणारं व्होल्टेज अगदी क्षुल्लक असतं, पण हलत नाही. ते हललं नाही म्हणून नियम सापडला. १८२७ साली पुस्तक आलं. स्वागत असं थंड झालं की ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं किरकोळ शिकवण्यांवर काढली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कोप्ले पदक दिलं, आणि म्युनिकला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक तो १८५२ साली झाला. १८५४ साली वारला. बढतीचा आनंद दोन वर्षं.

तरी त्याचं नशीब थोर म्हणायचं, की त्याला स्थिर व्होल्टेज मिळालं. एप्रिल महिन्यात, संध्याकाळी सातच्या सुमाराला, डीपीपासून लांब, वस्तीच्या टोकाच्या घरात त्याला बसवला असता, तर विद्युतशास्त्र अजून १८२५ सालातच असतं.

कमी व्होल्टेजचं गणित लोकांना वाटतं त्याहून कडू आहे. २३० च्या जागी १८० आले, म्हणजे घट बावीस टक्क्यांची. गीझरचा रोध तोच राहतो, पण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते, त्यामुळे २,००० वॉटचा गीझर १,२२५ वर येतो. अर्ध्या तासात तापणाऱ्या पाण्याला पन्नास मिनिटं लागतात. "गीझरची कॉइल गेली वाटतं" म्हणून वायरमनला बोलावलं जातं. तो बिचारा येतो तेव्हा दुपार असते, व्होल्टेज पूर्ण असतं आणि पाणी झकास तापतं. आजार डॉक्टरपुढे पळून जातो तो हाच.

शेतातल्या मोटरचं याच्या उलट. पाच एचपीच्या मोटरला पाणी तेवढंच उचलायचं असतं. व्होल्टेज कमी पडलं की ती काम कमी करत नाही, धारा जास्त ओढते. आणि वाइंडिंगमधली उष्णता धारेच्या वर्गाने वाढते. मग रिवाइंडिंगवाल्याच्या दारात जळक्या वार्निशचा वास सुटतो. शेतीला वीज रात्री येते ती सगळ्यांना एकदम येते, आणि प्रत्येकाच्या पेटीत ऑटो स्विच बसवलेला असतो. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट धारा मागते. एका डीपीवरच्या वीस मोटरींनी एकाच क्षणी पाच-सहा पट मागितली की व्होल्टेज कोसळतं, किंवा फ्यूज जातो, किंवा डीपीच जाते, आणि तिच्या जागी दुसरी येईपर्यंत पीक वाळतं. वीज कंपन्या आवाहन करतात, ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर लावा. हे सगळ्यांना पटतं. शेजाऱ्याने काढावा, याबद्दल गावात एकमत असतं. स्वतःचा काढला तर मध्यरात्री साडेबाराला बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या वाटेने, पेटीपर्यंत कोण जाणार? या प्रश्नाला वर्गमूळ नाही.

कॅपॅसिटरवरून आठवलं, ग्यानबाची मेख इथेच आहे. मोटर असली की व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॉट, हे साधं गणित बसत नाही. धारा व्होल्टेजच्या थोडी मागून येते, त्यामुळे २३० व्होल्ट आणि ५ अँपिअरचा गुणाकार ११५० आला तरी पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर खरं काम ९२० वॉटचंच. उरलेली धारा वायरीतून नुसती ये-जा करते आणि वायर तापवते. कॅपॅसिटर ही ये-जा जागच्या जागी भागवतो. काकांना हे सांगायची अजून कोणाची हिंमत झालेली नाही, कारण त्यांनी फ्रिज मोजायला घेतलाय.

या सगळ्यात ज्याला गणित येतं असं कोणी म्हणत नाही, आणि ज्याचं कधी चुकत नाही, तो म्हणजे वायरमन. खिशात टेस्टर, हातात पक्कड, कानावर पेन्सिल. तो पिन काढतो, तिची एक काळी पडलेली दांडी अंगठ्याने पुसतो, वास घेतो, आणि दोन शब्दांत निकाल देतो, "लूज आहे." लोकांना वाटतं, याला काही कळत नाही, सगळ्यालाच लूज म्हणतो. आता बघा. सॉकेटमध्ये पिन सैल बसली, आणि त्या जागी समजा अर्धाच ओहम रोध तयार झाला. काकांच्या मीटरला अर्धा ओहम धड कळणारही नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध तेवढ्याच्या आसपास. गीझर ८.७ अँपिअर ओढतो. ८.७ चा वर्ग पंचाहत्तरच्या वर, त्याचं अर्धं, अडतीस वॉट. एवढ्या वॉटची सोल्डरिंग आयर्न घेऊन मोबाइलवाला दिवसभर कथील वितळवतो, आणि इथे तेवढी उष्णता प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये रोज सकाळी कोंडली जाते. तापून पितळ काळं पडतं, काळं पडल्यावर रोध वाढतो, वाढल्यावर आणखी तापतं. वायरमनने हे सगळं नाकाने मोजलं आणि दीडशे रुपये मागितले, तर आपण "दोन स्क्रू पिळायचे दीडशे?" असं विचारतो.

राहता राहिलं बिल. त्यावर ज्याचं नाव हजारपटीने छापलेलं असतं, त्या जेम्स वॉटचा विजेच्या तारेशी कधी संबंध आला नाही. तो वाफेच्या इंजिनाचा माणूस आणि हिशेब मांडायचा घोड्यांत. आपण अजून मोटर एचपीत मोजतो ती त्याचीच कृपा, एक घोडा बरोबर ७४६ वॉट. तो १८१९ साली वारला, आणि तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई हलते, हे ऑर्स्टेडला दिसलं १८२० साली. विल्यम सीमेन्सने १८८२ मध्ये शक्तीच्या एककाला त्याचं नाव सुचवलं, आणि तेव्हापासून वॉटचं नाव महिन्याच्या महिन्याला निघतं.

एक युनिट म्हणजे हजार वॉट एक तास. गीझर अर्धा तास चालला की एक युनिट संपलं. नऊ वॉटचा एलईडी बल्ब त्याच युनिटात १११ तास, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त, अखंड जळतो. पण आपल्या घराघरांत शिस्त लावायची ती बल्बावरून. सहाव्या मजल्यावरून खाली उतरलेला गृहस्थ बाथरूमचा दिवा राहिला म्हणून लिफ्टने पुन्हा वर जातो. लिफ्टची मोटर चार किलोवॉटची धरली आणि खेप अर्ध्या मिनिटाची, तर त्या एका खेपेच्या विजेत तो दिवा साडेतीन तासांवर जळला असता. पण दिव्याचं बिल घरचं आणि लिफ्टचं सोसायटीचं, तेव्हा व्यवहार चोख आहे.

काकांनी शेवटी घरातला खरा चोर पकडला, तो सेटटॉप बॉक्स. टीव्ही बंद केला तरी हा कोपऱ्यात कोमट होऊन बसलेला. दहा वॉट धरले तर दिवसरात्र मिळून महिन्याला सव्वासात युनिट. रात्री आठ तास बंद ठेवला तरी वर्षाला एकोणतीस युनिट वाचतील, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. अडचण एवढीच निघाली, की त्याचं बटण शोकेसच्या पाठीमागे आहे, आणि शोकेस भिंतीला ठोकलेलं आहे. सुताराने बटण पुढे काढून द्यायचे तीन हजार सांगितले. काकांनी कागद पुढे ओढला, युनिटला दहा रुपये धरले, वर्षाचे दोनशे नव्वद, आणि तीन हजाराला त्याने भागलं. दहा वर्षांच्या वर.

"तोवर," काकूंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "ती साडेसातची मालिका संपेल का हो?"